पंधरा लिटरची टाकी, दहा लिटर पाणी

पाणकणीस | २८ जानेवारी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी पाणवनस्पतींची चिमुकली टाकी ठेवायची, असं दोन वर्षं घोळत होतं. गेल्या रविवारी एकदाची लावली. मासे नाहीत, नुसती झाडं. काय काय केलं ते लिहितो, चुकलं असेल तिथे कान धरा.

टाकी ३० बाय २० बाय २५ सेंटीमीटरची, ५ मिमी काचेची. दुकानदाराने पंधरा लिटरची म्हणून दिली आणि गुणाकार केला तर ते खरंच आहे. पण तळाला पाच सेंटीमीटर माती-वाळू गेली, दोन दगड बसवले, वर दोन-तीन बोटं जागा सोडली आणि मापाने पाणी ओतलं, तर जेमतेम दहा लिटर मावलं. म्हणजे टाकीवर पंधरा लिहिलंय आणि संसार दहात करायचाय.

माती नर्सरीतली लाल, 'कोरी द्या, शेणखत नको' असं तीनदा बजावून आणलेली. चाळली, बादलीत भिजवून वर तरंगणारा काडीकचरा तीन-चार वेळा ओतून दिला. तिचा अडीच सेंटीमीटरचा थर, त्यावर तेवढाच वाळूचा. वाळू शेजारच्या बांधकामावरून मागून आणली, अडीच किलो. वॉचमनने 'एवढीशी कशाला?' असं दोनदा विचारलं. ती धुताना मात्र माझी कंबर गेली. पाणी नितळ यायला अकरा बादल्या लागल्या. (ते पाणी कुंड्यांना घातलं, आधीच सांगतो.)

दगड एका किल्ल्याच्या पायथ्याच्या ओढ्यातले, काळे. लिंबू पिळून पाहिलं, फेस आला नाही.

झाडं: जावा मॉस, एक छोटं अनुबियास, एक क्रिप्टोकोरिन आणि हॉर्नवर्टच्या चार काड्या. नर्सरीत ब्राह्मी दिसली, तीही पाण्याखाली चालते असं वाचलं होतं म्हणून आणली. सहा वॅटचा एलईडी टायमरवर, रोज सात तास. फिल्टर म्हणून हवेच्या पंपावरचा अंगठ्याएवढा स्पंज.

प्रश्न एकच. यात जीव कधी सोडायचा आणि कुठला?

---

चिमणचारा | २८ जानेवारी

वा! प्रचि, म्हणजे प्रकाशचित्रं, कुठे आहेत? प्रचिशिवाय टाकीचा धागा म्हणजे बिनफोडणीचं वरण.

अनुबियास वाळूत गाडलं नाहीस ना? त्याचा आडवा कंद मातीत गेला की कुजतो. दोऱ्याने दगडाला बांधून ठेव, दीड-दोन महिन्यांत मुळं दगड धरतात. मी ठाण्यात हे एक झाड चुकून तीन वेळा मारलंय, म्हणून अधिकारवाणीने सांगतेय.

---

बांधावरची_वाट | २९ जानेवारी

नर्सरीतल्या 'ब्राह्मी'चा फोटो टाका. आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना ब्राह्मी म्हणतात आणि नर्सरीवाले डोळे मिटून दोन्ही विकतात. पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला कातरलेलं आणि लांब देठावर एकेकटं उभं असेल तर ती मंडूकपर्णी. तिला ओल आवडते, पण कायम पाण्याखाली ठेवली तर महिन्याभरात तिचा चिखल होतो. खरी जलब्राह्मी, म्हणजे बाकोपा, तिची पानं बारीक, जाडसर, चमच्यासारखी आणि खोडावर समोरासमोर जोडीने येतात. ती पाण्याखाली छान वाढते. हळू वाढते, पण वाढते.

क्रिप्टोकोरिनबद्दल थोडं अवांतर. दुकानात मिळणारी बहुतेक श्रीलंकेकडच्या जातींची असतात, पण या कुळातली काही आपल्या घरची आहेत. कोकणात ओढ्यांच्या काठी आणि भाताच्या खाचरांच्या कडेला क्रिप्टोकोरिनच्या पीळदार फुलांच्या जाती दिसतात. गणपतीला गावी गेलात तर पाहा, फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. एक जात तर जगात फक्त कोकणपट्ट्यात सापडते. टाकीसाठी ओढ्यातून उपटून आणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

---

पाणकणीस | २९ जानेवारी

पान गोल आहे. मंडूकपर्णी निघाली. कुंडीत हलवली, आईने त्यातली चार पानं चटणीला नेली.

---

खडूस_काका | ३० जानेवारी

धागाकर्त्याने टाकी लावल्यावर विचारलं, हे बरं केलं. बहुतेक जण मासे मेल्यावर विचारतात.

महिनाभर काहीही सोडू नका. कारण सांगतो. जीव जे खातो ते बाहेर टाकतो, त्याचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी. तो खाऊन नायट्राइट करणारे जीवाणू असतात, नायट्राइटही विषारीच. ते खाऊन नायट्रेट करणारे आणखी वेगळे जीवाणू असतात. नायट्रेट थोडं असेल तर सोसतं, झाडं ते खातातही. ही सगळी जीवाणूंची वस्ती स्पंजात, वाळूत, दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा. तेच विरजण. फक्त हे दही रात्रीत लागत नाही.

नळाचं पाणी थेट घालू नका. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर हायपोचे दोन खडे. दुकानात ते अँटीक्लोरीन म्हणून बाटलीत विकतात.

आणि एक टीडीएस मीटर घ्या, पेनासारखा असतो. पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत, एवढंच तो सांगतो. कुठले क्षार ते सांगत नाही. तरी घ्या.

जीव म्हणाल तर दहा लिटरमध्ये मासा नको. चेरी श्रिंप सोडा, दहा नग. फायटर माशाला लोक बरणीत ठेवतात म्हणून तुम्हीही ठेवाल, तर मी या धाग्यावर परत येणार नाही.

---

उपवासाची_मिसळ | ३० जानेवारी

श्रिंप म्हणजे कोळंबीच ना? दहा नगांत कालवण होत नाही हो.

---

चिमणचारा | ३० जानेवारी

आलेच! मी घड्याळ लावून बसले होते, कालवण किती वेळात येतं ते बघायला.

---

नागपुरी_तर्री | ३१ जानेवारी

उन्हाळ्याचं काय ठरवलंय भाऊ? आमच्याकडे मे महिन्यात खोलीतली बादलीसुद्धा कोमट असते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. आणि नेमकं तेव्हाच जीवाला जास्त लागतो.

उपाय स्वस्त आहे. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा टाकीच्या काठावर तिरका बसवायचा, वारा पाण्यावर घासून गेला पाहिजे. जे माठात होतं तेच. आमच्या कोरड्या हवेत चार-पाच अंश उतरतात. मुंबईवाल्यांनी फार आशा ठेवू नये, तुमच्या दमट हवेत एखाद-दुसरा अंश उतरला तरी पेढे वाटा. पुणं मधे कुठेतरी. पण पंखा लावला की पाणी भराभर उडतं, रोज वरून भर घालावी लागते, हे लक्षात असू द्या.

---

इझारकाठ | १ फेब्रुवारी

म्युनिकहून वाचतेय. दगडांबद्दल एक सांगते. सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात काही सोडत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे बसलेले असतात ना, ते कधी गारेचे असतात, कधी कॅल्साइटचे. लिंबू काळ्या भागावर पिळून उपयोग नाही, त्या पांढऱ्या ठिपक्यावर पिळा. फेस आला तर तो हळूहळू विरघळून पाणी कठीण करत राहील.

---

पाणकणीस | ३ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. मीटर आणला. नळाचं पाणी ८५, टाकीतलं १३०. खडूस काकांना विचारलं तर 'मातीमुळे, चालतंय' म्हणाले. एका दगडावर पांढरा ठिपका आहे. लिंबाने अगदी बारीक बुडबुडे आले, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. ठेवलाय तसाच, दिसतो फार छान.

---

पाणकणीस | १९ फेब्रुवारी

अपडेट. तीन तक्रारी आहेत.

काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडर बसलीय, बोटाने पुसली जाते. क्रिप्टोकोरिनची सगळी पानं विरघळली, शब्दशः, जेलीसारखी. आणि पाण्यात वळवळणारे बारीक किडे दिसले. मोबाइलवर मोठं करून पाहिलं तर डासांच्या अळ्या! आई म्हणाली, 'पालिकेची माणसं गच्चीतल्या कुंड्यांच्या ताटल्या तपासतात आणि तू घरातच पाळलेस!'

---

बांधावरची_वाट | १९ फेब्रुवारी

तपकिरी थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत येतोच, आपला आपण जातो. क्रिप्ट उपटू नका. रोपवाटिकेत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली गेली की ती हवेतली पानं टाकून देतात आणि मुळांतून पाण्यातली नवी काढतात. दोन-तीन आठवडे कळ काढा. उपटून दुसरीकडे लावलंत तर सगळं पहिल्यापासून.

---

चिमणचारा | २० फेब्रुवारी

बिनमाशांच्या टाकीचं हे दुखणं कुणी आधी सांगत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्याला थोडं पाणी बदलून भागत नाही. वर बारीक जाळी ताण. जुनी मच्छरदाणी आणि इलॅस्टिक, संपला विषय. आत्ताच्या अळ्या चहाच्या गाळणीने काढ. पालिका फुकट देते ते गप्पी मासे आणायचा मोह होईल, आणू नकोस. मादीला महिन्याला पिल्लं होतात, दिवाळीपर्यंत टाकीत पाणी कमी आणि गप्पी जास्त असतील.

आणि औषध तर अजिबात नको. डासांसाठी जे घरात फवारतात ते कोळंबीसाठी जहरच. सोसायटीत धुराची गाडी आली की खिडकी बंद, पंप बंद, टाकीवर ओलं फडकं.

---

पाणकणीस | ११ मार्च

जाळी लावली, अळ्या गेल्या. क्रिप्टला तीन नवी पानं आली, आधीपेक्षा अरुंद आणि तांबूस. तपकिरी थर गेला, आता थोडं हिरवं शेवाळ आहे. खडूस काका म्हणाले होते तसं पाणी तपासायच्या किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आठवडाभर सलग.

काल दहा चेरी श्रिंप सोडल्या. पिशवी तासभर तरंगत ठेवली, मग बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब करत दोन तास टाकीचं पाणी पिशवीत मिसळलं. सोडल्यावर पाच मिनिटं पांढऱ्याफटक, संध्याकाळपर्यंत लालबुंद. सगळ्या मॉसवर बसून दोन्ही हातांनी काहीतरी तोंडात घालताहेत. काल रात्री मी काम सोडून दीड तास हेच बघत होतो.

---

उपवासाची_मिसळ | ११ मार्च

थट्टा बाजूला. मीही टाकी घेतोय.

---

पाणकणीस | ३ मे

मंडळी, मदत हवी. पंधरा दिवसांत सहा गेल्या. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी एक. आधी वाटलं कात टाकलीय (कात अगदी श्रिंपसारखीच दिसते, पण पारदर्शक), मग लक्षात आलं की ही कात नाही. तीन जणींच्या मानेमागे पांढरी आडवी रेघ होती, जणू तिथे तुकडा पडतोय.

अमोनिया शून्य. पाणी २९ अंश, पंखा लावलाय. रोज संध्याकाळी जेवढं उडतं तेवढं, साधारण चारशे मिली, रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी भरतो. दर रविवारी दोन लिटर बदलतो. खायला एक दाणा, तोही एक दिवसाआड. फवारणी झालेली नाही, वॉचमनला विचारलं.

---

नागपुरी_तर्री | ३ मे

२९ म्हणजे काठावर आहे पण एवढ्याने मरत नाहीत. दुपारी किती असतं ते पाहिलंत का?

---

चिमणचारा | ३ मे

शेजारीपाजारी? आमच्या मागच्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी आठ दिवसांचं खाणं 'बिचारे उपाशी असतील' म्हणून एका दुपारी घातलं होतं. परत आलो तेव्हा टाकीला वास होता. तेव्हापासून मी कुणाला किल्ली देते पण डबा देत नाही. आठ दिवस काही होत नाही त्यांना.

---

इझारकाठ | ४ मे

मानेमागची पांढरी रेघ म्हणजे कात टाकता आली नाही. जुनं कवच मागे फाटायच्या ऐवजी गोल चिरतं आणि जीव आतच अडकतो. हे बहुतेक वेळा पाण्यातले क्षार झपकन बदलले की होतं. तो पांढऱ्या ठिपक्यांचा दगड अजून आत आहे का? मीटर काय म्हणतो?

---

पाणकणीस | ४ मे

दगड आहे. मीटर फेब्रुवारीनंतर लावलाच नाही, सेल काढून रिमोटला घातला होता. उद्या बघतो.

---

खडूस_काका | ४ मे

शाब्बास.

---

आज्जी_ऑनलाइन | ४ मे

मला टाकीतलं काही कळत नाही, नातवासाठी धागा वाचत होते. पण एक विचारते. एप्रिलपासून तुमच्या सोसायटीत टँकर येतो का रे? आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतो. मला तो वॉचमनच्या आधी कळतो, कारण तुरीची डाळ शिजत नाही. एरवी तीन शिट्ट्या, टँकरच्या पाण्यात पाच झाल्या तरी दाणा दाणा वेगळा. भांड्यांना पांढरे डाग, डोक्याला शाम्पूचा फेस नाही. शाळेत शिकलो ते दुष्फेन पाणी ते हेच. आईला विचार डाळ कशी शिजतेय.

---

पाणकणीस | ५ मे

आज्जी, साष्टांग दंडवत.

आईला विचारलं. 'महिनाभर ओरडतेय मी, कुकर बिघडलाय म्हणून. तू नवीन शिटी आणून दिलीस ना!' खरंच आणून दिली होती.

वॉचमन म्हणतो १० एप्रिलपासून निम्मं पाणी टँकरचं, २० तारखेनंतर जवळजवळ सगळं. कुठल्यातरी बोअरचं. चाखून पाहिलं, मचूळ आहे. आम्ही प्यायला फिल्टरचं घेतो, म्हणून कळलंच नाही.

मीटर: नळ ६९०. टाकी ८१०.

आता मला हे कळत नाहीये. नळाचं पाणी ६९० आहे तर टाकीतलं त्याहून जास्त कसं? दगडामुळे?

---

खडूस_काका | ५ मे

दगडाला कशाला दोष देता. तो दगड वर्षभरात जेवढे क्षार सोडेल तेवढे तुम्ही आठवड्यात वाटीने ओतलेत. हिशेब करा.

पाणी उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. रोज ४०० मिली उडालं, त्या जागी ६९०चं ४०० मिली घातलंत. म्हणजे रोज सुमारे २७६ मिलिग्रॅम क्षार आत गेले आणि बाहेर काहीच गेलं नाही. पाणी किती? दहा लिटर. म्हणजे टीडीएस रोज २७-२८ने वर. आठवड्याला दोनशेच्या आसपास. रविवारी दोन लिटर बदलता, त्याने उतरायला हवं, पण बदलता तेही ६९०चंच. तीन आठवड्यांत १३०चे आठशे होणारच. मिठागरात दुसरं काय करतात?

शंभर लिटरच्या टाकीत हीच चूक केली असती तर एवढ्या वेगाने चढलं नसतं. तिथेही पाणी उडतंच, पण इतक्या पाण्याला वरचा पसारा त्या मानाने कमी असतो. दहा लिटरला उसंत नसते.

---

इझारकाठ | ५ मे

थोडी भर घालते, नाहीतर लोकांना वाटेल कठीण पाण्यात चेरी जगतच नाहीत. आमच्या म्युनिकचं नळाचं पाणी चुनखडीच्या डोंगरांकडून येतं, चांगलंच कठीण आहे. केटलीत आठवड्यात पांढरं पुट चढतं. माझ्याकडे त्याच पाण्यात चार वर्षं चेरीच्या पिढ्या चालू आहेत. कारण ते जसं जानेवारीत तसंच ऑगस्टमध्ये. तुझ्याकडच्या १३०मध्ये वाढल्या होत्या, त्यांना तीन आठवड्यांत ८००मध्ये नेलंस. कवच एका पाण्यात बांधलं, कात दुसऱ्याच पाण्यात टाकायची वेळ आली.

म्हणून आता घाबरून सगळं पाणी एकदम बदलू नकोस. उरलेल्या चारही जातील.

---

पाणकणीस | ५ मे

बरं झालं सांगितलंत, बादली हातात होती.

---

खडूस_काका | ६ मे

घरच्या आरओ फिल्टरचं पाणी मोजा. चाळीसच्या आसपास निघेल. रोज टाकीतलं एक लिटर काढायचं, एक लिटर आरओचं थेंब-थेंब सोडायचं. दहा दिवसांत तीनशेच्या जवळ याल. तिथे थांबा. उडालेल्या पाण्याची भर यापुढे कायम आरओनेच, नळाचं पाणी कितीही चांगलं असलं तरी. साप्ताहिक बदलाचं पाणी मात्र नुसतं आरओ नको, त्यात कवचाला लागणारं कॅल्शियम नसतं. तुमच्या टँकरचं एक भाग, आरओचं दोन भाग. २५०च्या आसपास बसेल. महापालिकेचं परत सुरू झालं की हळूहळू त्यावर या, मोजून.

आरओमधून जे फेकायचं पाणी निघतं ते टाकीत घालू नका. हसू नका, एकाने घातलं होतं.

---

नागपुरी_तर्री | ६ मे

म्हणजे पंखा लावा सांगणारा मीच अर्धा गुन्हेगार. पाणी उडतं म्हटलं होतं, कशाने भरा ते सांगायचं राहिलं. आमच्याकडे कूलरच्या गवतावर ते पांढरं मीठ धरतं ना, डोळ्यासमोर असतं रोज, पण टाकीला जोडून कधी पाहिलं नाही.

---

पाणकणीस | १८ मे

आरओचं पाणी ३८ निघालं. बारा दिवसांनी टाकी २९०. चौथ्या दिवशी आणखी एक गेली, त्यानंतर कुणी नाही. तीन उरल्यात. काल एकीची कात सापडली, रिकामी, अख्खी, मिश्यांसकट. काढली नाही, त्या आपली कात स्वतःच खातात म्हणे.

हॉर्नवर्ट मात्र या सगळ्यात दुप्पट झालं. त्याला काहीच फरक पडला नव्हता. छाटलेलं कुठे टाकू? मागे ओढा आहे.

---

बांधावरची_वाट | १८ मे

ओढ्यात नाही! कुंडीत, खतात, कुठेही, पण वाहत्या पाण्यात नाही. नद्यांवरची जलपर्णीही शोभेचं झाड म्हणूनच देशात आली होती.

---

चिमणचारा | १९ मे

मला कुरिअर कर ते हॉर्नवर्ट. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत, भर उन्हाचं नको. मी आल्यावर तासभर तुरटीच्या पाण्यात ठेवीन, गोगलगायी आल्या असतील तर निघतील. तू श्रिंप असलेल्या टाकीत तुरटी घालू नकोस, नाहीतर परत धागा काढशील.

---

पाणकणीस | १४ जुलै

खूप दिवसांनी. तिघींतली एक अंडी घेऊन फिरतेय! पोटाखाली पिवळसर वीस-पंचवीस दाणे, पायांनी सतत वारा घालत असते. म्हणजे उरलेल्यांत एक तरी नर होता, नशीब. साधारण महिन्याने पिल्लं येतील असं दिसतंय, म्हणून स्पंजावर आणखी एक बारीक स्पंज चढवलाय.

ओढ्याच्या दगडावर मॉस इतकं बसलंय की पांढरा ठिपका आता दिसतही नाही.

पाऊस चांगला झाला, २८ जूनपासून टँकर बंद आहे. नळाला आज ९५. आज्जी, तुमच्यासाठी खास: डाळ तीन शिट्ट्यांवर आली.

---

आज्जी_ऑनलाइन | १४ जुलै

छान झालं रे. पण डाळ जुनीच आहे ना? मध्ये नवीन भरली असेल तर ती तशीही लवकर शिजते, त्यावर जाऊ नकोस. मीटरमध्ये सेल घाल.